इंग्रजीच्या तासाला व्हॉट्सॲप : वर्गात असं कुणी करून बघितलंय का?

मुठाकाठची

नमस्कार मंडळी. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. तुकडीचा पट साठच्या घरात, तास पस्तीस मिनिटांचा. हजेरी, वह्या, "मॅडम, पाणी पिऊन येऊ?" हे सगळं वजा न करताही एकेका मुलाच्या वाट्याला बोलायला पस्तीस सेकंद येतात. त्यातली वीस सेकंद उभं राहण्यात जातात, उरलेल्या पंधरात शेजारचा पुटपुटून उत्तर सांगतो.

राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे पोरं माझ्याकडे येतात तेव्हा सात वर्षं इंग्रजी शिकून आलेली असतात. धडा वाचतात, गाईडमधली उत्तरं बिनचूक उतरवतात. "रविवारी काय केलंस?" एवढं इंग्रजीत विचारलं की सगळा वर्ग माझ्या चपलांकडे बघतो.

गेल्या वर्षी मी पाच-पाच जणांचे गट पाडले. दर आठवड्याला काही गटांनी पालकांच्या फोनवरून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मिनिटाची व्हॉइस नोट टाकायची. विषय घरचेच. आमच्या चाळीत पाणी किती वाजता येतं, आजी डबा कसा भरते, पीएमटीत आज काय झालं. ज्या मुली वर्गात तोंड उघडत नाहीत त्या बोलायला लागल्या! कारण अगदी साधं आहे. नोट पाठवायच्या आधी ऐकता येते, नाही आवडली तर पुसून परत बोलता येतं. एक मिनिटासाठी पोरगी घरी पंधरा मिनिटं बडबडते. मला ती पंधरा मिनिटं हवी आहेत.

आता अडचण. हेडसर म्हणतात, "शाळेत मोबाईलला बंदी आणि तुम्ही गृहपाठच मोबाईलवर देता?" काही पालकही नाराज आहेत. पुढच्या महिन्यात पालकसभेत मला हे मांडायचंय. कुणी केलंय का असं? ज्यांच्या घरी फोन नसतो त्यांचं काय करता? कायद्याचं काय?

दुपारी_१_ते_४

बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, एससीईआरटी कुमठेकर रस्त्यावर. अख्ख्या महाराष्ट्राचा अभ्यासक्रम या शहरात शिजतो. आणि मास्तरीण बाई युक्ती आणणार कॅलिफोर्नियाहून. चालू द्या.

मुठाकाठची

काका, पुस्तक बालभारतीचंच शिकवते. पुस्तक उलट प्रश्न विचारत नाही, एवढीच तक्रार आहे.

धायरीची आई

मी त्या नाराज पालकांपैकी एक असू शकले असते, म्हणून लिहिते. माझ्या मुलीच्या शाळेत (तुमची नव्हे) असाच विषयाचा ग्रुप होता. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. कुणाच्या तरी मोठ्या भावाने तिथून नंबर उचलून मुलीला रात्री मेसेज सुरू केले. आम्ही ब्लॉक केला, शाळेत सांगितलं, उत्तर आलं की ग्रुप अनधिकृत आहे. अधिकृत नव्हता तर गृहपाठ कसा काय अधिकृत होता?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्या मुलांची सोशल मीडियाची खाती बंद केली. तिथे सरकार मागे खेचतंय आणि आपल्याकडे शाळाच मुलांना पुढे ढकलतायत. माझा व्हॉइस नोटला विरोध नाही. माझ्या मुलीचा नंबर साठ घरांत जायला आहे.

सर्व्हर_डाऊन

धायरीच्या ताई, मुद्दा शंभर टक्के बरोबर, एक दुरुस्ती फक्त. ऑस्ट्रेलियाच्या बंदीत इन्स्टाग्राम, यूट्यूब वगैरे आहेत, व्हॉट्सॲप नाही. आणि यूट्यूबवरही बंद झालंय ते मुलांचं खातं. लॉगिन न करता व्हिडिओ बघता येतो. वर्गात प्रोजेक्टरवर शिक्षकाने दाखवला तर मुलाच्या खात्याचा प्रश्नच येत नाही. हा फरक मॅडमच्या कामाचा आहे.

आता तांत्रिक. मी हिंजवडीत याच धंद्यात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ग्रुप मोडा. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. तुमचा मेसेज सगळ्यांना जातो, पण प्रत्येकाला तो स्वतंत्र चॅटमध्ये दिसतो. उत्तर फक्त तुमच्याकडे येतं, कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. अट एकच, ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. तेवढं पालकसभेत उभं राहून करून घ्या, नाहीतर अर्धे पालक महिनाभर "आमच्याकडे काही आलंच नाही" म्हणतील. सूचना-कम्युनिटी हा दुसरा मार्ग, त्यातही सदस्यांचे नंबर झाकलेले राहतात.

वय : व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोन्हींची किमान अट तेरा वर्षं. आठवीत निम्मीअधिक मुलं त्या उंबरठ्यावरच असतात, म्हणून खातं पालकांचंच असू द्या, मुलाला स्वतःचं उघडायला लावू नका. कायदा : २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल मानतो आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, टप्प्याटप्प्याने लागू होतायत. मुलाचा आवाज हीसुद्धा त्याची माहितीच. तेव्हा लेखी संमती घ्याच, आणि त्यात नोट किती दिवस ठेवणार तेही लिहा. सत्र संपलं की सगळं पुसायचं.

शेवटचं. कुठल्याही एका ॲपवर अख्खं वर्ष बांधू नका. टिकटॉक २९ जून २०२० ला आपल्याकडे एका संध्याकाळीत गेलं. शिक्षकांचं लाडकं ऑनलाइन-वर्गाचं ॲप एडमोडो सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडलं. मुलांनी छोटे व्हिडिओ करून एकमेकांना उत्तरं द्यायची ते फ्लिप, मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि २०२४ मध्ये स्वतंत्र ॲप म्हणून गुंडाळलं. ज्यांनी त्यावर वर्षभराचं नियोजन केलं होतं त्यांना विचारा.

निवृत्त_डस्टर

एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून घरी बसलो आहे. दोन शब्द.

आमच्या वेळी व्हॉट्सॲप नव्हतं, पण हा प्रश्न होता. बंगळुरूमध्ये एन. एस. प्रभू या भाषाशिक्षणतज्ज्ञांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्यासुध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. व्याकरणाचा पाठ नाही, रचनांची घोकंपट्टी नाही. वर्गापुढे एखादं काम ठेवायचं : हे रेल्वेचं वेळापत्रक, अमक्याला तमक्या वेळेला पोचायचंय, कुठली गाडी पकडावी? मुलांचं डोकं उत्तरात गुंतलं की भाषा मागच्या दाराने आत येते, असं त्यांचं म्हणणं. त्यावर पुढे जगभर वाद झाले, अजून होतात. पण मी वर्गात पाहिलं ते त्यांच्या बाजूचं आहे.

म्हणून मुठाकाठच्या बाईंना माझा प्रश्न : तुमच्या व्हॉइस नोटा ऐकतं कोण? तुम्ही एकट्याच ऐकून गुण देत असाल तर ती फोनवरची तोंडी परीक्षाच झाली. वर्गमित्र ऐकतात का? ऐकून काही करतात का?

मुठाकाठची

सर, नेमकं बोट ठेवलंत. सुरुवातीला मीच ऐकायचे. साठ नोटा म्हणजे एक तास, तोही रात्री भाकऱ्या झाल्यावर. हल्ली आठवड्यातल्या चार-पाच नोटा वर्गात ब्लूटूथ स्पीकरवर लावते, मुलाची परवानगी घेऊन. बाकीच्यांनी बोलणाऱ्याला एक-एक प्रश्न लिहून द्यायचा. "तुझी आजी डब्यात रोज चटणीच का देते?" असे प्रश्न येतात. मग तो मुलगा जागेवरच उत्तर देतो. हे मात्र तयारीचं नसतं, अडखळतो, पण देतो. कारण विचारणाऱ्याला उत्तर खरंच माहीत नसतं.

वेल्हेकर मास्तर

जिल्हा परिषदेची शाळा, वेल्हे (आताचा राजगड) तालुका. आमच्याकडे रेंज शाळेच्या मागच्या आंब्याखाली येते, तीही तिची इच्छा असेल तर. घरात फोन एकच आणि तो बापाबरोबर सकाळी दूधगाडीवर जातो. त्यामुळे "घरून पाठवा" हे आमच्याकडे बाद.

आम्ही काय करतो ते सांगतो. भिंतीवर मोठा कार्डशीट लावलाय, त्याला पोरं 'कागदी ग्रुप' म्हणतात. वर ग्रुपचं नाव, खाली डाव्या-उजव्या बाजूला फुगे काढायचे आणि त्यात इंग्रजीत मेसेज लिहायचा. नियम तीन. दिवसातून एक मेसेज. आधीच्या कुणाच्या तरी मेसेजला उत्तर असलं पाहिजे. नुसतं 'गुड मॉर्निंग' चालणार नाही (हे मोठ्या माणसांच्या ग्रुपलाही लावा असं माझं मत). सोमवारी कुणीतरी लिहितं, आमची गाय व्याली. शुक्रवारपर्यंत त्या गाईला गोऱ्हा झाला की कालवड, नाव काय ठेवलं, चीक कुणाकुणाला मिळाला, सगळं त्या भिंतीवर. चुका भरपूर. मी पेनाने दुरुस्त करत नाही. माझ्या मेसेजमध्ये तेच वाक्य बरोबर लिहून उत्तर देतो. हुशार पोरं ओळखतात.

दुसरं. शहरातल्या एका शाळेतल्या मैत्रिणीबरोबर आमची देवाणघेवाण चालते. फोन दोनच, माझा आणि तिचा. तिच्या वर्गाने प्रश्न विचारायचे, माझ्या वर्गाने उत्तर द्यायचं, मग उलट. आमच्या डोक्यावर तोरणा आहे, १४०३ मीटर. त्यांच्याकडून पहिला प्रश्न आला, वर जायला रोप-वे आहे का? पोरं हसून हसून पडली, आणि मग बिनी दरवाजापर्यंत कसं चढायचं, कुठे कातळ आहे, पावसात कुठे पाय घसरतो, हे इंग्रजीत सांगायला बसली. माझ्या शब्दकोशाची इतकी ओढाताण आधी कधी झाली नव्हती. आमच्यांनी मेट्रोबद्दल विचारलं. जमिनीखाली भीती वाटते का, तिकीट किती, दार बंद होताना बोट अडकलं तर? स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाली, तिकडच्या पोरांनाही तेव्हा नवीच होती. त्यांनी स्टेशनवरचा सरकता जिना रेकॉर्ड करून पाठवला, घोषणेसकट. तिन्ही भाषांतली ती घोषणा आता आमची चौथीची पोरं मधल्या सुट्टीत म्हणतात.

निवृत्त_डस्टर

मास्तर, नमस्कार घ्या.

कॉमर्सवाली

मी सीनियर कॉलेजात शिकवते, मुलं अठराच्या वरची, त्यामुळे माझ्या अडचणी वेगळ्या. त्यातली सगळ्यात मोठी व्हॉट्सॲपच्याच वर निळ्या-जांभळ्या गोलात बसलीये. प्रश्न टाकला की मेटा एआयकडून गुळगुळीत परिच्छेद येतो. 'पर्यावरण' म्हटलं की सत्तर जणांकडून सत्तर सारखेच निबंध. 'फर्दरमोअर' हा शब्द ज्याने आयुष्यात तोंडाने उच्चारला नाही तोही 'फर्दरमोअर' लिहितो. हे शाळेतही आलेलंच आहे, मुठाकाठच्या ताई, गाफील राहू नका.

माझे उपाय असे. विषय इतका जवळचा द्यायचा की यंत्राला माहीत असण्याचं कारणच नाही : आपल्या कॉलेजच्या गेटसमोरच्या टपरीवर सकाळी साडेसातला काय चालतं? किंवा लेखन वर्गातच, २८० अक्षरांत. ट्विटरने २०१७ मध्ये मर्यादा १४० ची २८० केली, तीच मी घेतली. थोडक्यात लिहायला लावलं की पाठ केलेली वाक्यं बसतच नाहीत.

आणि एक आवडता खेळ. यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ आपोआप येणाऱ्या इंग्रजी सबटायटलसकट लावायचा. बोलणारा भारतीय असला, त्यात मराठी नावं असली की यंत्राची धांदल उडते. गावांची नावं, आडनावं, पदार्थ यांचं काय वाट्टेल ते होतं. मुलांनी चुका पकडून बरोबर वाक्य लिहायचं. ऐकण्याचा असा सराव मी भाषा-प्रयोगशाळेतसुद्धा पाहिला नाही, कारण इथे मुलगा यंत्रापेक्षा शहाणा असतो आणि त्याला ते कळतं. वेग पाऊणपट करून द्या, लाजायचं कारण नाही. हे सगळं शिक्षकाच्या लॅपटॉपवर, मुलांना खातं लागत नाही.

शेवटचा_बाक

मी असाच मराठी शाळेतून आलो, आता खराडीत सपोर्ट डेस्कवर आहे. माझं इंग्रजी शाळेत नाही, क्रिकेटच्या लाईव्ह चॅटवर झालं. मॅच चालू असताना ऑस्ट्रेलियन, इंग्लंडचे, पाकिस्तानी, सगळे भांडायचे. विराटला कुणी काही बोललं की मला उत्तर द्यायचंच असायचं, स्पेलिंग गेलं उडत. त्याने भीड गेली.

पण नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात मॅनेजरने बोलावून घेतलं. क्लायंटला ईमेलमध्ये 'ब्रो' लिहिलं होतं, खाली 'प्लीज' ऐवजी 'प्लझ'. मला खरंच कळलं नव्हतं की हे वेगळं काही आहे. चॅटवरचं इंग्रजी मला तिथलीच माणसं शिकवत होती, बाहेरचं कुणी शिकवलंच नाही. मॅडम, एक करा. एकच निरोप तीन जणांना लिहायला लावा : मित्राला, हेडसरांना आणि दुकानदाराला. हे मला आठवीत कुणी करून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी_१_ते_४

बघा, आलाच 'प्लझ' बाहेर. मी हेच म्हणतोय. पोरांची स्पेलिंगं आधीच दिव्य, त्यात हे.

निवृत्त_डस्टर

एक ते चार, झोप झाली वाटतं? डेव्हिड क्रिस्टल नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने २००८ साली या भीतीचा समाचार घेतला होता. मेसेजमधल्या शब्दांत लघुरूपं आपण समजतो त्यापेक्षा फार कमी असतात, आणि लघुरूपं करायला मुळात शब्दाचं स्पेलिंग माहीत असावं लागतं, असं तो म्हणतो. शेवटच्या बाकाची अडचण स्पेलिंगची नव्हतीच. कुणाशी कसं बोलावं याची होती. मराठीत आपण मित्राला 'अरे' आणि सरांना 'अहो' म्हणतो ते कुणी शिकवत नाही, घरात कानावर पडतं. इंग्रजी त्याच्या घरात नव्हतं. मग ते वर्गाने करायचं.

चुकांविषयी सांगतो. मराठीत 'अ', 'ॲन', 'द' ची जातच नाही, म्हणून आपली मुलं ती गाळतात. 'ही गो' म्हणतात, 'गोज' म्हणत नाहीत. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'टुडे मॉर्निंग' हे तर आपल्या साहेबलोकांच्याही तोंडी असतं. व्हॉइस नोटमध्ये या चुका नोंदवा, पण नोटच्या खाली लाल टिंब काढू नका. आठवड्यात सगळ्यांत मिळून ज्या दोन-तीन दिसतील त्या सोमवारी फळ्यावर, कुणाचं नाव न घेता. मूल एकदा ओशाळलं की पुढची नोट येत नाही. मग दुरुस्त काय करणार?

दुपारी_१_ते_४

झोप झाली. बरं, आता मीही एक देतो, फुकट. लक्ष्मी रोडपासून अप्पा बळवंत चौकापर्यंत चालत जा, इंग्रजी पाट्या वाचा. परवा एका दुकानावर 'चिल्ड्रन'च्या जागी 'चिल्ड चिकन' वाटावं असं काहीतरी होतं, आणि दुकान कपड्यांचं. शिक्षकाने फोटो काढून आणावेत, दुकानाचं नाव झाकून. पोरांनी चूक ओळखायची आणि मालकाला सभ्य भाषेत, इंग्रजीत, चिठ्ठी लिहायची. सभ्य भाषेत, हे अवघड जाईल, कारण पोरं पुण्याची.

मुठाकाठची

काका, हे मी घेणार! आणि शेवटच्या बाकाचे तीन निरोप यातच बसतात, दुकानदार आयताच मिळाला.

धायरीची आई

मुठाकाठच्या ताई, पालकसभेत आधी नंबरांचं बोला, मग फायदे सांगा. उलट क्रमाने बोललात तर पहिल्या पाच मिनिटांतच आमच्यासारख्या आया उठून उभ्या राहतील.

मुठाकाठची

बरोबर आहे, क्रम तसाच ठेवते. जुना ग्रुप या आठवड्यात बंद करून ब्रॉडकास्ट लिस्ट करतेय. संमतीपत्र मराठीत, एक पान : नोट मी ऐकणार, वर्गात लावायची तर मुलाला आणि घरी विचारून, सत्र संपलं की पुसणार, कुठेही पुढे पाठवणार नाही. ज्यांना नको त्यांनी तीच नोट शाळेत मधल्या सुट्टीत माझ्या फोनवर बोलायची, गुण कमी होणार नाहीत. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनाही हीच सोय, म्हणजे कोण कुठल्या कारणाने आलंय हे कुणाला कळायचं नाही. कागदी ग्रुप सोमवारपासून आठवी 'क'च्या भिंतीवर.

हेडसरांना मी एकच गोष्ट सांगणार आहे. दहावीला इंग्रजीच्या शंभरातले वीस गुण शाळेच्या हातात असतात. २०१९ ला ते काढले तेव्हा राज्याचा निकाल ७७ टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी परत द्यावे लागले. त्या विसातला बोलण्याचा भाग आपण हल्ली मुलाला एक कविता म्हणायला लावून उरकतो. हा प्रयोग म्हणजे त्याची खरी तयारी आहे.

सर्व्हर_डाऊन

एकच राहिलं. हे सगळं तुमच्या खासगी नंबरवर चालणार? साठ घरं, रात्री अकरा वाजता "मॅडम, उद्या सुट्टी आहे का?"

मुठाकाठची

शाळेसाठी वेगळं सिम मागितलंय. हेडसर म्हणाले, कुणाच्या नावावर घ्यायचं ते संस्थेला विचारावं लागेल.

वेल्हेकर मास्तर

संस्थेचं उत्तर येईपर्यंत एखादा जुना स्मार्टफोन घ्या, त्यात दुसरं सिम टाका आणि तो शाळेच्या कपाटात ठेवून घरी जा. मी तेच करतो. आणि तुमच्या आठवी 'क'ला आमच्याशी बोलायचं असेल तर कळवा. आमची मैत्रीण पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या शाळेत चाललीये, पोरांकडे प्रश्न साठलेत.

मुठाकाठची

कळवा काय, ठरलंच! व्यनि (खासगी निरोप) करते. पहिला प्रश्न तुमच्याकडून येऊ दे.